विधानसभेने न केलेल्या वाटाघाटी

२००७ च्या जुलै महिन्यात छत्तीसगडच्या विधानसभेने नक्षलवादावर बोलण्यासाठी दारे लावून घेतली. पत्रकार दालन रिकामे, प्रेक्षक सज्जा रिकामा, कामकाज गोपनीय. देशातल्या विधिमंडळांच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच. त्याला तसे कारणही होते. चार महिन्यांपूर्वी, १५ मार्चला, बस्तरमधल्या रानीबोदली इथल्या पोलीस तळावर माओवाद्यांनी रात्रीच्या अंधारात हल्ला करून ५५ जणांना ठार केले होते. त्यांतले बहुसंख्य विशेष पोलीस अधिकारी होते. पदनाम भारदस्त, प्रत्यक्षात ती महिना दीड हजार रुपयांवर हाती बंदूक दिलेली स्थानिक आदिवासी पोरे होती.

अशा वेळी आमदारांना मोकळेपणाने बोलावेसे वाटले, हे समजण्यासारखे आहे. पण हे बोलणे नेमके कोणापासून लपवायचे होते? पोलिसांच्या हालचाली गुप्त ठेवायला हव्यात, हे कोणीही मान्य करील. विधानसभेचे काम मात्र हालचाली ठरवण्याचे नसते, धोरण ठरवण्याचे असते. जे धोरण सुकमा-बिजापूरच्या गावांवर लागू होणार, ते त्या गावांना ऐकू येऊ नये अशी व्यवस्था झाली. मारणारे आदिवासी, मरणारे आदिवासी, गाव सोडून पळणारेही आदिवासी, आणि त्यांच्याविषयीची राज्यातली सर्वांत महत्त्वाची चर्चा त्यांच्यापासून चारशे-साडेचारशे किलोमीटरवर, बंद दाराआड.

माझे म्हणणे असे आहे, की बस्तरमधली यादवी टाळण्याची, निदान लवकर थांबवण्याची, संधी रायपूरच्या विधानसभेला अनेकदा मिळाली आणि दरवेळी तिने ती दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली केली. कधी पोलिसांच्या, कधी दिल्लीच्या, कधी निवृत्त अधिकाऱ्यांच्या, तर कधी एखाद्या म्हाताऱ्या सर्वोदयी कार्यकर्त्याच्या. वाटाघाटी झाल्याच नाहीत असे नाही. झाल्या, आणि त्यांतल्या काही यशस्वीही झाल्या. पण निवडून आलेल्या सभागृहाने आपल्या नावावर, आपल्या जबाबदारीवर केलेली एकही नाही.

'यादवी' हा शब्द मी विचार करून वापरतो. छत्तीसगड हे सीमांचे राज्य आहे. २००० साली मध्य प्रदेशातून वेगळे झाले तेव्हा त्याला सहा राज्ये लागून होती, तेलंगण झाल्यावर सात झाली. बस्तरचा दक्षिण भाग आंध्र, तेलंगण, ओडिशा आणि आपल्या गडचिरोलीला भिडलेला. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवादी गोदावरी ओलांडून आले, ते याच सीमांच्या आधाराने टिकले. पोलीस एका राज्यात शिरले की नक्षलवाद्यांचे दलम दुसऱ्या राज्यात. पंचवीस वर्षे हा संघर्ष शासन आणि सशस्त्र संघटना यांच्यातला होता. २००५ च्या जूनमध्ये बिजापूरच्या कुटरू भागातून माओवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम सुरू झाला आणि संघर्षाचे रूप बदलले. गावातला एक गट जुडूमच्या छावणीत, दुसरा जंगलात, आणि एकाच घरातले भाऊ समोरासमोर. शेकडो गावे ओस पडली. सुमारे पन्नास हजार माणसे रस्त्याकडेच्या छावण्यांत आली. हजारो कुटुंबे सीमा ओलांडून आंध्रात गेली. समाज आपल्याच विरुद्ध शस्त्र घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याला कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणणे अपुरे पडते.

आता त्या वेळचे सभागृह पाहा. २००३ च्या निवडणुकीत ९० पैकी भाजपला ५०, काँग्रेसला ३७, बसपला २ आणि राष्ट्रवादीला १ जागा मिळाली. मुख्यमंत्री रमणसिंह, विरोधी पक्षनेते दंतेवाड्याचे महेंद्र करमा. सलवा जुडूमचा चेहरा होते करमा आणि त्याला बळ होते रमणसिंह सरकारचे. म्हणजे राज्याच्या सर्वांत वादग्रस्त धोरणावर सत्ताधारी बाक आणि विरोधी बाक यांचे नेते एकाच बाजूला. जुडूमला विरोध करणारे नव्हते असे नाही. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे मनीष कुंजाम बस्तरमध्ये पहिल्यापासून विरोध करत होते, पण त्यांच्या पक्षाचा एकही आमदार सभागृहात नव्हता. काँग्रेसमध्ये अजित जोगी टीका करत होते, पण ते तेव्हा लोकसभेत होते. ज्या गावांवर हा प्रयोग चालला, त्यांची बाजू मांडणारा आवाज सभागृहाच्या भिंतींबाहेर राहिला.

संसदीय पद्धतीत एकमत ही सहसा शोभेची गोष्ट मानली जाते. राष्ट्रीय संकटात सगळे पक्ष एकत्र आले, असे आपण कौतुकाने लिहितो. पण वाटाघाटी हवी असेल तर सभागृहात निदान दोन मते लागतात. सरकार लढत असताना 'बोलूनही पाहा' असे म्हणणारा बाक असावा लागतो, कारण समोरच्या बाजूला निरोप जातो तो त्या बाकावरून. रायपूरला तो बाकच उरला नव्हता. २००५ चा छत्तीसगड विशेष जनसुरक्षा कायदा याच वातावरणात आला. बेकायदा संघटना ठरवण्याचे त्यातले अधिकार इतके ऐसपैस आहेत, की मध्यस्थी करणारा, औषधोपचार करणारा आणि हत्यार पुरवणारा यांच्यातली रेषा पुसट व्हावी. २००७ च्या मे महिन्यात डॉ. बिनायक सेन यांना याच कायद्याखाली अटक झाली. २०१० च्या डिसेंबरात रायपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली आणि २०११ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. त्यांच्या खटल्याविषयी मत काहीही असो. एक परिणाम उघड होता. दोन्ही बाजूंशी बोलू शकणाऱ्या माणसाला आता आधी वकील शोधावा लागणार होता.

एकमताची खरी किंमत कळली ती २०११ मध्ये. ५ जुलैला न्या. सुदर्शन रेड्डी आणि न्या. निज्जर यांच्या खंडपीठाने, नंदिनी सुंदर आणि इतरांच्या याचिकेवर, आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून माओवाद्यांविरुद्ध वापरणे घटनाबाह्य ठरवले. तेव्हा अशा तरुणांची संख्या साडेसहा हजारांच्या घरात होती. अर्धवट शिकलेल्या मुलांना जुजबी प्रशिक्षण देऊन सर्वांत धोक्याच्या कामाला जुंपणे हा समतेच्या आणि जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा न्यायालयाचा आशय होता. सरकारपुढे दोन वाटा होत्या. निकालाचा आधार घेऊन एक पाऊल मागे यायचे, छावण्यांतले लोक आणि जंगलातले लोक यांच्यात समेट घडवायचा. किंवा निकालाला वळसा घालायचा. विधानसभेने त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा केला आणि तीच पोरे नव्या नावाने दलात सामावली गेली.

या कायद्याविरुद्धची अवमान याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात निकाली काढली. विधिमंडळाने केलेला कायदा हा न्यायालयाचा अवमान ठरू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. घटनात्मक दृष्टीने हे बरोबर आहे. आणि म्हणूनच जबाबदारी थेट विधानसभेवर येते. न्यायालयाच्या निकालालाही वळण देता येईल इतका अधिकार ज्या सभागृहाकडे आहे, त्याला 'आम्ही काय करणार, हा तर सुरक्षा दलांचा विषय' असे म्हणता येत नाही. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यसूचीतले पहिले दोन विषय आहेत. युद्ध चालू ठेवण्यासाठी सभागृह काही आठवड्यांत कायदा करू शकले. समेटासाठी त्याने कोणता कायदा केला?

मग वाटाघाटी कोणी केल्या? २१ एप्रिल २०१२ ला सुकम्याचे जिल्हाधिकारी ॲलेक्स पॉल मेनन यांना माओवाद्यांनी पळवले, त्यांच्या दोन अंगरक्षकांना मारले. पुढचे बारा दिवस रायपूर दोन मध्यस्थ मंडळांकडे डोळे लावून बसले होते. सरकारच्या बाजूने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा हे दोन निवृत्त मुख्य सचिव. माओवाद्यांच्या बाजूने बस्तरचे माजी जिल्हाधिकारी बी. डी. शर्मा आणि हैदराबादचे प्रा. जी. हरगोपाल. जंगलात मेनन यांची औषधे पोहोचवली मनीष कुंजाम यांनी, म्हणजे विधानसभेत जागा नसलेल्या पक्षाच्या नेत्याने. ३ मेला मेनन सुटले. करारातून बुच यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांची प्रकरणे तिने तपासायची होती. मागणी माओवाद्यांच्या यादीतून आली खरी, पण तिच्यातला प्रश्न खरा होता आणि तो कोणाही आमदाराला कधीही मांडता आला असता. एका जिल्हाधिकाऱ्याचे अपहरण होईपर्यंत तो सरकारी कागदावर आला नाही. समितीलाही आधार होता केवळ शासकीय आदेशाचा, सभागृहाच्या ठरावाचा नव्हे; त्यामुळे तिच्या शिफारशींचे काय झाले हे विचारण्याची जागाच राज्यात उरली नाही.

दुसरे उदाहरण २०२१ चे. ३ एप्रिलला टेकुलगुडा इथे २२ जवान मारले गेले आणि कोब्रा दलाचा एक जवान माओवाद्यांच्या हाती लागला. त्याला पाच दिवसांनी शेकडो गावकऱ्यांसमोर सोडवून आणले ते धर्मपाल सैनी यांनी, गोंडवाना समाजाचे तेलम बोरैया आणि काही स्थानिक पत्रकारांसह. नव्वदीला टेकलेले सैनी हे विनोबांचे अनुयायी. त्यांच्या बस्तरमधल्या आश्रमशाळांना विनोबांच्या आईचे, रुक्मिणीचे नाव आहे. अर्धे शतक मुलींना शिकवत राहिल्याने त्या माणसाचा शब्द दोन्ही बाजूंना चालत होता. ही गोष्ट वाचून आपण भारावतो. भारावण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: त्याच भागातून निवडून आलेल्या आमदाराचा शब्द का चालत नव्हता?

या प्रश्नाचे एक उत्तर रक्ताने लिहिलेले आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. २५ मे २०१३ ला झीरम घाटीत माओवाद्यांनी काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर हल्ला केला. महेंद्र करमा, प्रदेशाध्यक्ष नंदकुमार पटेल आणि त्यांचा मुलगा मारले गेले. ज्येष्ठ नेते विद्याचरण शुक्ल पुढे जखमांनी गेले. ९ एप्रिल २०१९ ला दंतेवाड्याचे भाजपचे आमदार भीमा मंडावी यांना स्फोटात उडवले. जे आमदारांना मारतात त्यांच्याशी आमदारांनी बोलावे, ही अपेक्षा वरून क्रूर वाटते. माओवादी पक्षाने निवडणूक ही संस्थाच शत्रू मानली, तिच्यात भाग घेणाऱ्या सरपंचांना 'जन अदालती' भरवून ठार केले. बस्तरमधला बोलका मध्यम वर्ग संपवण्यात त्यांचा वाटा सरकारपेक्षा कमी नाही.

आक्षेपांची यादी इथे थांबत नाही. वाटाघाटी म्हणजे माओवाद्यांना दम घेण्याची सवड, असे पोलीस अधिकारी नेहमी सांगतात आणि दाखला देतात आंध्रचा. ऑक्टोबर २००४ मध्ये राजशेखर रेड्डी सरकारने हैदराबादला चर्चा केली. गृहमंत्री जाना रेड्डी समोर बसले, एस. आर. शंकरन यांच्या नागरिक समितीने सात वर्षे खपून ती बैठक घडवली होती. २००५ च्या जानेवारीत ती फिसकटली, ऑगस्टमध्ये आमदार नरसी रेड्डी यांची हत्या झाली आणि बंदी परत आली. दुसऱ्या बाजूचा दाखला असा: २०१० मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यामार्फत केंद्राशी चर्चेची तयारी चालू असताना माओवाद्यांचे प्रवक्ते आझाद आणि त्यांच्यासोबतचे पत्रकार हेमचंद्र पांडे आदिलाबादेत मारले गेले. विश्वास दोन्हीकडून मोडला. पण या दोन्ही प्रसंगांत एक समान गोष्ट आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. दोन्ही वाटाघाटी कार्यकारी सत्तेच्या मर्जीवर उभ्या होत्या. मुख्यमंत्र्याचे किंवा गृहमंत्र्याचे मन बदलले, की त्या कोसळणार. त्यांना सभागृहाच्या ठरावाचा पाया असता, शस्त्रसंधी मोडणाऱ्याला सभागृहासमोर खुलासा करावा लागला असता, तर त्या टिकल्याच असत्या असे नाही. पण त्या कोणी मोडल्या, हे तरी लोकांना कळले असते.

विधिमंडळे युद्ध टाळण्यासाठी स्वतःच्या नावाने उतरतात, याची उदाहरणे जगात आहेत. १८६१ मध्ये अमेरिका फुटत असताना व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने पुढाकार घेऊन वॉशिंग्टनला २१ राज्यांची शांतता परिषद भरवली. सीमेवरच्या केंटकीने तर दोन्ही बाजूंना नकार दिला. गव्हर्नर मॅगॉफिन यांनी लिंकनला सैनिक द्यायचे नाकारले आणि मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने तटस्थतेचा ठराव केला. परिषद अपयशी ठरली. केंटकीची तटस्थता सप्टेंबरात दक्षिणेचे सैन्य घुसल्यावर संपली. गुलामगिरीसारख्या प्रश्नावर तडजोड शोधणे मुळात नैतिक होते का, हा प्रश्नही रास्त आहे. मी हे उदाहरण यशाचे म्हणून देत नाही. पण मधल्या काळात केंटकीत निवडणुका झाल्या, मतदारांनी संघराज्यवाद्यांना मोठे बहुमत दिले आणि तटस्थता सोडण्याचा निर्णय त्या सभागृहाने उघडपणे घेतला. मिळवलेले हे महिने लोकांचे मत कळायला उपयोगी पडले.

आपल्या देशातले मिझोरामचे उदाहरण याहून जवळचे आहे. १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटने स्वातंत्र्य पुकारले, ऐझॉलवर हवाई दलाने बॉम्ब टाकले, पुढे गावेच्या गावे उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत आणली गेली. बस्तरच्या छावण्यांचा हा पूर्वावतारच. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ ला, करार झाला. निवडून आलेले मुख्यमंत्री ललथनहावला यांनी खुर्ची सोडली, बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि ललथनहावला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री म्हणून बसले. पुढे पक्षांतरांत लालडेंगांचे सरकार पडले, ते विरोधी बाकावर गेले. जंगलात परत गेले नाहीत. लोकप्रतिनिधींनी आपली सत्ता पणाला लावली, म्हणून समोरच्यानेही आपली बंदूक खाली ठेवली.

बस्तर म्हणजे मिझोराम नव्हे, हे खरेच आहे. मिझो बंडखोर स्वातंत्र्याची मागणी सोडून शेवटी राज्यावर राजी झाले, ते देता येण्यासारखे होते. माओवाद्यांना भारतीय राज्यसंस्थाच उलथायची होती, ते देता येण्यासारखे नव्हते. म्हणून सभागृहाने पॉलिटब्युरोशी करार करायला हवा होता, असे माझे म्हणणेच नाही. वाटाघाटीचा खरा पक्षकार दुसरा आहे: जंगल, जमीन, तुरुंग आणि छावणी या चार गोष्टींमुळे माओवाद्यांच्या बाजूला गेलेला, किंवा दोघांच्या मधे सापडलेला आदिवासी. त्याच्याशी बोलायला कोणाच्या शस्त्रसंधीची वाट पाहावी लागत नव्हती.

'पण आता हे कशाला? बंदुकीनेच प्रश्न सुटला ना?' असे रायपुरात आज अनेक जण विचारतील. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी याच शहरात ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची मुदत जाहीर केली. त्या एका वर्षात छत्तीसगडमध्ये दोनशेहून अधिक माओवादी मारले गेले. २१ मे २०२५ ला पक्षाचे सरचिटणीस बसवराजू नारायणपूरच्या जंगलात मारले गेले. लष्करी अर्थाने ही निर्णायक मोहीम होती आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही शेवटचा टप्पा पाहा. १५ ऑक्टोबर २०२५ ला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. दोन दिवसांनी जगदलपूरला रूपेश यांच्यासह २१० जणांनी. त्याआधी पत्रे निघाली, पक्षात उघड वाद झाला, निरोप गेले-आले. केंद्राने शस्त्रसंधी नाकारली, पण शरण येणाऱ्यांशी बोलणे झालेच. जगदलपूरला प्रत्येकाच्या हाती संविधानाची प्रत दिली गेली. म्हणजे बंदुकीने कोंडी केली आणि बोलण्याने ती फोडली. हे बोलणेही गृहखात्याने केले; विधानसभेला त्याच्या अटी ठाऊक नाहीत, मंजुरी तर दूरच.

याने काय बिघडते? बिघडते असे, की शरण आलेल्या माणसाला दिलेल्या शब्दाचा जामीनदार कोण, हे ठरत नाही. डीआरजी या पोलिसांच्या जिल्हा राखीव दलात शरण आलेले माओवादी आणि स्थानिक आदिवासी तरुण मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे २०११ च्या निकालाने ज्या गोष्टीकडे बोट दाखवले ती नव्या गणवेशात चालू आहे. शरण आलेल्याला शेती करायची असेल तर त्याला शेतकरी होता येईल, की कालच्या साथीदारांचा माग काढायला जावे लागेल? हा प्रश्न एखाद्या पोलीस अधीक्षकाच्या मर्जीवर ठेवण्याजोगा नाही.

आणि ज्या कारणांनी माणसे जंगलात गेली ती कारणे शरण आलेली नाहीत. २०१२ च्या जूनमध्ये सारकेगुडा इथे १७ गावकरी मारले गेले. न्या. व्ही. के. अग्रवाल आयोगाने मृत माओवादी असल्याचा समाधानकारक पुरावा नाही असे सांगितले. अहवाल २०१९ च्या डिसेंबरात विधानसभेच्या पटलावर आला. एडेसमेट्टा इथल्या तशाच गोळीबाराचा अहवाल २०२२ मध्ये आला. सत्य सभागृहाच्या टेबलापर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले. बुर्कापालच्या २०१७ मधल्या हल्ल्यात २५ जवान मेले. त्या खटल्यात १२१ आदिवासींना पाच वर्षे तुरुंगात काढून २०२२ मध्ये निर्दोष सोडण्यात आले. मेलेल्या जवानांनाही न्याय नाही, डांबलेल्या गावकऱ्यांनाही नाही. सिलगेरला २०२१ मध्ये सुरक्षा कॅम्पविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्यानंतर तिथे दीर्घकाळ धरणे चालले आणि त्यातून पुढे आलेल्या मूलवासी बचाव मंचावर २०२४ च्या ऑक्टोबरात जनसुरक्षा कायद्याखाली बंदी आली. मंचाच्या भूमिकेवर हवी तेवढी टीका करा. पण बंदूक सोडून धरण्यावर बसा, असे आदिवासी तरुणांना सांगायचे आणि धरण्यावर बसलेल्यांची संघटना बेकायदा ठरवायची, हे एकाच राज्याने केले तर त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही.

सभागृहाला बोलता येत नाही, असेही नाही. २०२२ च्या जुलैत याच विधानसभेने हसदेव अरण्यातले कोळसा खाणपट्टे रद्द करावेत असा ठराव एकमताने केला. पुढे तिथली झाडे पडायची ती पडलीच. तरीही त्या ठरावामुळे आंदोलकांच्या हाती राज्याचा शब्द आला. एकमत कशासाठी वापरायचे, हा निवडीचा प्रश्न असतो. बस्तरसाठी ते आजवर असे वापरले गेलेले नाही. ९० जागांत बस्तरच्या बारा. त्यात २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत अनुसूचित जमातींच्या राखीव जागा ३४ वरून २९ वर आल्या. संघर्ष ऐन भरात असताना सभागृहातले आदिवासींचे वजन घटले. म्हणून आकड्यांवर विसंबून चालणार नाही, व्यवस्था उभारावी लागेल.

त्यासाठी नवा मार्ग शोधायला नको. पाचव्या अनुसूचीने आदिवासी सल्लागार परिषद दिली आहे. तिचे वीसपर्यंत सदस्य, त्यांतले जवळपास तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. या परिषदेचा वार्षिक अहवाल सभागृहात चर्चेला यावा. बस्तरसाठी सर्वपक्षीय स्थायी समिती नेमावी. तिच्या बैठका जगदलपूर, सुकमा, नारायणपूरला उघड व्हाव्यात, दुभाषांसह गोंडी आणि हलबीत साक्षी घ्याव्यात. चौकशी आयोगांच्या अहवालांवर ठरावीक मुदतीत कृतीचा ठराव घ्यावा. संघटनांवरची बंदी काही महिन्यांत सभागृहाच्या मंजुरीला यावी, अशी दुरुस्ती जनसुरक्षा कायद्यात व्हावी. तेलंगण आणि आंध्रात वीस वर्षे अतिक्रमणवाले म्हणून राहणाऱ्या विस्थापित कुटुंबांच्या परतीचा, त्यांच्या जमिनीचा कायदा करावा. आणि ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा: केंद्राचा कायदा १९९६ चा, छत्तीसगडचे नियम आले २०२२ मध्ये, तेही भूसंपादनात ग्रामसभेची संमती की नुसता सल्ला, हा वाद शिल्लक ठेवून. तो वाद सभागृहाने संमतीच्या बाजूने मिटवावा. शस्त्रे खाली ठेवणाऱ्या बाजूला देण्यासारखी याहून मोठी हमी नाही.

मराठी वाचकाने हे सगळे शेजारच्या घरातले भांडण म्हणून वाचू नये. १९५६ पर्यंत रायपूरचे आमदार नागपूरच्याच सभागृहात बसत होते, आणि गडचिरोलीचे जंगल आजही बस्तरच्या जंगलापासून वेगळे करता येत नाही. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्राच्या विधानसभेने विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केले, तेव्हा खालच्या सभागृहात स्पष्ट विरोध नोंदवणारे जवळपास एकटे होते माकपचे विनोद निकोले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. बाहेर लोकांची मते इतकी आणि आत विरोध इतकाच. हे चित्र रायपूरने वीस वर्षांपूर्वी पाहिले आहे. उलट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. संघर्षग्रस्त जिल्ह्यात शासनाने ग्रामसभेशी केलेली ती यशस्वी वाटाघाट होती, आणि तिच्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

१ नोव्हेंबर २०२५ ला नवा रायपुरात विधानसभेची नवी इमारत उघडली. तिच्या लाकूडकामावर बस्तरच्या कारागिरांचा हात फिरला आहे. बस्तरच्या माणसाला त्या इमारतीत कारागीर म्हणून जागा मिळाली. पक्षकार म्हणून मिळायची आहे. किती मेले, किती शरण आले, किती शस्त्रे सापडली, हा हिशेब गृहखाते ठेवते आणि जाहीरही करते. किती कुटुंबे गावी परतली, किती कच्चे कैदी सुटले, किती ग्रामसभांची संमती घेतली, हा हिशेब ९० आमदारांनी द्यायचा आहे. तो मिळत नाही तोवर बस्तरमध्ये युद्ध संपले असे म्हणता येईल, शांतता आली असे म्हणता येणार नाही.